नमुना दिला, निकाल यायचाय

सुमनआत्या बंदरावरच्या लसीकरण कक्षातून निवृत्त झालेल्या परिचारिका. घर खडवलीत, भातसाकाठी. भाचा ओंकार जीपी रेटिंगचा कोर्स संपवून पहिल्या जहाजावर निघालाय. साइन ऑन, म्हणजे जहाजावर रुजू व्हायचं, ब्राझीलच्या सांतोस बंदरात. कागदपत्रं एकदा त्यांच्या नजरेखालून जावीत म्हणून तो कल्याणहून कसारा लोकलनं आला होता. आत्यांना समजावून सांगायची मनापासून हौस आहे आणि आपण भाषण तर देत नाही ना, ही धास्तीही तेवढीच.

ओंकार : पासपोर्ट झाला, खलाशाचं नोंदपुस्तक म्हणजे सीडीसी आली, व्हिसाचं एजंट बघतोय. आता फक्त यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड. ब्राझीलला ते लागतंच का?

आत्या : ब्राझीलवाले कदाचित बघणारही नाहीत. बघणार आपलेच लोक, तू परत उतरशील तेव्हा. तिकडे यलो फीव्हर आहे, आपल्याकडे तो कधीच आलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरात आहे, डेंग्यू पसरवतो तोच. चूल मांडून ठेवलेली आहे, फक्त निखारा पडायचा बाकी. म्हणून या एका रोगाच्या बाबतीत भारत फार कडक आहे. तिकडून सहा दिवसांच्या आत आलास आणि दाखला नसला, की विलगीकरण.

ओंकार : सहाच दिवस का?

आत्या : हे विचारलंस ते बरं केलंस. डास चावल्यापासून ताप यायला तीन ते सहा दिवस लागतात. सहा दिवसांत ताप आला नाही तर तू रोग घेऊन आलेला नाहीस. आणि लस घेतल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला दहा दिवस धरतात, म्हणून दाखला दहा दिवसांनी लागू होतो. आज टोचून उद्या विमानात बसलास तर हातात कार्ड असून नसल्यासारखं. नियमातला आकडा दिसला की तो कुठून आला ते विचारावं. काही आकडे रोगाच्या स्वभावातून येतात, काही नुसते कुणाच्या तरी सोयीचे असतात.

ओंकार : एजंट म्हणाला, दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते.

आत्या : काय सांगतात रे ही माणसं! ११ जुलै २०१६ पासून तो दाखला जन्मभर चालतो. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी तेही जन्मभर. माझ्यासमोर पन्नाशीतले खलाशी यायचे, एजंटनं पाठवलं म्हणून. गरज नसताना जिवंत विषाणूची लस दंडात घ्यायला रजा टाकून रांगेत उभे. मी परत पाठवायचे तर माझ्यावरच चिडायचे. एजंटनं दोन ओळी वाचल्या असत्या तर त्या माणसाचा दिवस वाचला असता. वाचत नाहीत. दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नाही.

ओंकार : ते कळलं. पण आत्या, पुन्हा कोविडसारखं काही झालं आणि मी जहाजावरच अडकलो तर?

आत्या : त्यावर येते. आधी कोविडमध्ये सीमेवर नक्की काय चाललं होतं ते समजून घे, नाहीतर नुसती भीती राहील. डोंबिवलीचा तो मुलगा आठवतो?

ओंकार : ओमायक्रॉनवाला? आमच्या सोसायटीत तेव्हा सगळे त्याच्या नावानं खडे फोडत होते. राज्यात ओमायक्रॉन आणला म्हणून.

आत्या : त्याचाच मला राग आहे. तोही तुझ्यासारखा जहाजावरचा. केपटाऊनहून दुबई, दुबईहून दिल्ली, तिथून मुंबई. नोव्हेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात उतरला. दिल्ली विमानतळावर त्यानं नमुना दिला आणि पुढच्या विमानात बसला, कारण तेव्हाच्या नियमात ते चालत होतं. नमुना द्यायचा आणि निघायचं. ४ डिसेंबरला निदान झालं, महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण. लस घेतली नव्हती म्हणून लोक बोलले. पण तो जहाजावर गेला एप्रिलमध्ये, आणि १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली १ मेपासून. त्यानं घ्यायची कुठून? पुढे कल्याण-डोंबिवली महापालिकेनं त्याच्या संपर्कातली माणसं शोधून तपासली, कुणालाही लागण नव्हती.

ओंकार : मग चुकलं कोण?

आत्या : फट नियमात होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २६ नोव्हेंबरला कोविडच्या त्या नव्या प्रकाराला ओमायक्रॉन नाव दिलं आणि १ डिसेंबरपासून आपल्याकडे नियम बदलला : जोखमीच्या देशातून आलात तर निकाल येईपर्यंत विमानतळ सोडायचा नाही, पुढचं विमानही पकडायचं नाही. मग सात दिवस घरी, आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. तो जेमतेम आठवडाभर आधी आला. नमुना देणं आणि निकाल येणं यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्या वेळात माणूस कुठे असावा, एवढाच तर सगळा प्रश्न होता. त्याचं उत्तर सरकारला द्यायचं होतं, त्या पोराला नाही.

ओंकार : पण निघतानाच ७२ तासांच्या आतला रिपोर्ट मागायचे ना? तो निगेटिव्ह असेल तर पुन्हा कशाला?

आत्या : ७२ तास कुठून मोजायचे?

ओंकार : रिपोर्ट मिळाल्यापासून?

आत्या : इथेच कितीतरी लोक काउंटरवरून मागे फिरले. रिपोर्टवर दोन वेळा छापलेल्या असतात, नमुना घेतल्याची आणि निकाल दिल्याची. तास मोजायचे पहिलीपासून. नमुना दिल्यावर तू घरी जातोस, चार जणांना निरोपाचं भेटतोस, विमानतळावर रांगेत उभा राहतोस. त्यात लागण झाली तर तो कागद काय करणार? आणि आदल्या दिवशीच लागण झालेली असेल तर चाचणीत दिसतही नाही. म्हणून निघताना एक, उतरल्यावर एक, आठव्या दिवशी एक. दुबईवाल्यांनी तर ४८ तासांचा रिपोर्ट आणि वर विमानतळावरच उड्डाणाआधी काही तासांत रॅपिड पीसीआर मागितली होती.

ओंकार : हे सगळे नियम आता गेले ना?

आत्या : गेले. प्रवाशांनी भरायचा एअर सुविधा फॉर्म नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. चीन, जपान वगैरे सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि फेब्रुवारीत पुन्हा बंद. अमेरिकेनं लशीची अट मे २०२३ मध्ये काढली. म्हणून सांगते, व्हॉट्सअॅपवर नियमांचा तक्ता आला की आधी त्याच्यावर तारीख आहे का बघ. नसेल तर तो तक्ता निरुपयोगी. दूतावासाचं आणि विमान कंपनीचं पान निघायच्या आदल्या आठवड्यात बघायचं आणि आदल्या रात्री पुन्हा.

ओंकार : म्हणजे अडकायची भीती राहतेच.

आत्या : राहते. पण ही भीती कोविडनं आणलेली नाही रे. तू आज कल्याणहून आलास. १८९७ साली मुंबईत प्लेग होता तेव्हा कल्याण स्टेशनवर गाड्यांमधून माणसं उतरवून तपासत. इगतपुरीची आणि पुण्याची वाट तिथे फुटते, म्हणून तिथेच अडवायचं. काखेत, जांघेत गाठ आहे का ते पाहायचे. बायकांनासुद्धा. लोक केवढे संतापले होते, विचार कर. माझ्यातली नर्स म्हणते तपासणी हवीच होती. आणि बाई म्हणून मला कळतं, ती तशी नको होती. दोन्ही खरं आहे. त्याच फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं कोविडसाठी लावला तो हाच कायदा.

ओंकार : तेव्हाही लशीचा दाखला होता?

आत्या : होता. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं १० जानेवारी १८९७ ला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे लस घेतलेल्यांना दाखला देऊन काही निर्बंधांतून सूट द्यायला लागले. मद्रास इलाख्यात तर प्लेग पासपोर्ट होता : साथीच्या गावातून आलास तर तो घेऊन रोज हजेरी द्यायची, दहा दिवस. मुंबईहून निघणारी हजची जहाजं त्या वर्षी थांबवली आणि युरोपातले देश व्हेनिसला परिषद भरवून बसले, मुंबईच्या माणसाला कसं आवरायचं यावर. मी फार बोलतेय का?

ओंकार : नाही, बोल. २०२० मध्ये हातावर शिक्के मारायचे, ते याच जातीचं ना?

आत्या : हो. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर घरी विलगीकरणाचा शिक्का. हेतू बरा होता. पण मुंबईहून गरीब रथनं निघालेल्या चौघांच्या हातावर शिक्के दिसले आणि पालघरला त्यांना गाडीतून उतरवलं. घरी जा म्हणून शिक्का मारायचा, आणि घरी न्यायची सोय करायची नाही! आजारी माणूस लपतो तो रोगामुळे नाही, अशा वागणुकीमुळे लपतो. आणि माणूस लपला की साथ पसरते. एवढी वर्षं मी हेच ओरडत आले.

ओंकार : पण मी दोन्ही डोस घेतलेत, सर्टिफिकेट आहे. पुन्हा साथ आली तर निदान लस घेतलेल्याला अडवणार नाहीत.

आत्या : कोविशिल्डचं काय झालं होतं आठव. लस ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची, बनली पुण्याच्या सीरममध्ये. मार्च २०२१ मध्ये ब्रिटननं स्वतः सीरमचे पन्नास लाख डोस नेऊन आपल्या लोकांना टोचले. आणि ऑक्टोबरपासूनच्या नियमात भारतात तीच लस घेतलेला माणूस त्यांच्या लेखी लस न घेतलेला! आरडाओरड झाल्यावर लस मान्य केली, तर प्रमाणपत्र अमान्य. आपल्या कोविनवर फक्त जन्मवर्ष होतं, त्यांना पूर्ण जन्मतारीख हवी. ती सोय केली तरी घोळ मिटला नाही, तेव्हा भारतानं ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांचं विलगीकरण लावलं. ११ तारखेला त्यांनी आपल्या लोकांवरची अट काढली. यात विज्ञान कुठे आहे, सांग. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया तिकिटं बदलत बसल्या. कोव्हॅक्सिनवाल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. दाखला तुझ्या हातात असला तरी तो चालणार की नाही हे दोन सरकारांचं एकमेकांवर किती चालतं त्यावर ठरतं.

ओंकार : मग मी करायचं तरी काय?

आत्या : तुझ्या हातात आहे ते चोख कर. पासपोर्ट दाखव. हं. इथे तुझं नाव, बाबांचं नाव, आडनाव असं सगळं आहे. आधारवर?

ओंकार : फक्त ओंकार आणि आडनाव. लशीचं सर्टिफिकेट आधारवरून निघालंय, तेही तसंच.

आत्या : आपल्या लोकांचं हे जुनं दुखणं. एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नाही. बायकांचं तर माहेरचं, सासरचं, वर लग्नात बदललेलं. परदेशातल्या माणसाला कसं कळणार की मधलं नाव बापाचं असतं? नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीनं आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर घेणं बंद केलं तेव्हा किती जण अडकले. यलो फीव्हरच्या कार्डावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, आणि पासपोर्टचा नंबर. लिहिणाऱ्या सिस्टरच्या समोर उभं राहून वाच. शिक्का आणि सही नसेल तर तिथून हलू नकोस.

ओंकार : ते करतो. पण अडकलो तर, याचं उत्तर तू अजून दिलं नाहीस.

आत्या : देते. २०२० च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजानं जगभरात सुमारे ४ लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजावरच होते. बंदरं माल उतरवू देत होती, माणूस उतरू देत नव्हती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सिंगापूरसारख्या बंदरांनी भारतातून आलेल्या खलाशांना चढण्या-उतरण्याची बंदी केली. यातल्या एकाही पोराचा कागद अपुरा नव्हता. तेव्हा सगळे दाखले असले की तू अडकणार नाहीस, असं मी तुला सांगणार नाही. ते खोटं होईल.

ओंकार : मग?

आत्या : तेव्हापेक्षा थोडं वेगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०२० मध्ये ठराव केला, खलाशांना अत्यावश्यक कामगार समजा आणि घरी जाऊ द्या म्हणून. ठरावानं गेट उघडत नाही, पण युनियनला बोट ठेवायला जागा झाली. खलाशांचा आंतरराष्ट्रीय करार सलग ११ महिन्यांपेक्षा जास्त जहाजावर ठेवू देत नाही. तुझ्या कॉन्ट्रॅक्टात किती महिने लिहिलेत, परत आणायचा खर्च कोणाचा, हे निघायच्या आधी वाच. त्याची आणि सगळ्या दाखल्यांची एक प्रत आईकडे, एक माझ्याकडे. बाहेरून धावाधाव करणाऱ्याच्या हातात कागद लागतात.

ओंकार : आईला हे सगळं सांगू नकोस.

आत्या : सांगणार. तिला आधीच माहीत असलं तर ती कमी घाबरेल. विमान कोणत्या मार्गानं आहे?

ओंकार : जाताना दुबई. येतानाचं नक्की नाही, अदिस अबाबावरून असू शकतं.

आत्या : इथिओपियाही आपल्या यलो फीव्हरच्या यादीत आहे. विमानतळाच्या आतच राहिलास तर आरोग्य अधिकारी सूट देऊ शकतो, पण ती त्याच्या मर्जीवर. कार्ड असलं की तो विषयच नको. जॉइनिंग कधी?

ओंकार : निघायचं २८ तारखेला.

आत्या : म्हणजे लस फार तर १८ ला. आणि केंद्रात रोज देत नाहीत. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून वार ठरलेले असतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. आज ९ तारीख. १८ ची वाट बघू नकोस, उद्या सकाळी फोन लाव आणि या आठवड्यातला वार मिळतो का बघ. अंड्याची अॅलर्जी आहे का तुला?

ओंकार : नाही.

आत्या : तेही तिथे सांग, विचारलं नाही तरी.