गाडी घरी किती उघडायची, गॅरेजला किती द्यायची

गाडीची देखभाल स्वतः करावी की गॅरेजवर सोपवावी, हा वाद चिपळूणजवळच्या आमच्या सावर्ड्यात दर पावसाळ्याच्या तोंडावर निघतो. मुंबई-गोवा महामार्ग गावाला लागूनच जातो, सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांमुळे सकाळ-संध्याकाळ दुचाक्यांची रीघ असते, आणि गणपतीला चाकरमानी गाड्या घेऊन आले की मेस्त्रींना जेवायलाही फुरसत मिळत नाही. काही जण म्हणतात, मोबाइलवर बघून सगळं घरी जमतं, गॅरेजवाले नुसते लुटतात. काही म्हणतात, ते आपलं काम नव्हे. सकाळी चावी द्यावी, संध्याकाळी गाडी आणावी. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. त्याचं कारण कुंभार्ली घाटात घडलं.

कऱ्हाडहून परत येत होतो. गाडीत आई, बायको आणि मागे भरपूर सामान. निघण्याआधी बाहेरगावच्या एका मोठ्या वर्कशॉपमधून सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. बिलात ‘चारही ब्रेक साफ करून अ‍ॅडजस्ट केले’ आणि ‘ब्रेक ऑइल बदलले’ अशा दोन ओळी होत्या आणि दोन्हींचे पैसे वेगळे लावले होते. कोयनानगर मागे पडलं, घाट सुरू झाला. धुकं दाट, पुढे भरलेला ट्रक, त्याला ओलांडायला जागा नाही. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये असूनही सारखा ब्रेक लावावा लागत होता. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणाला ते जवळजवळ तळाला टेकलं आणि गाडीचा वेग काही उतरेना.

पेडल भराभर दाबत-सोडत राहिलो, गिअर दुसऱ्यावरून पहिल्यावर घेतला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि थांबवली. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ब्रेक ऑइल लागत नाही, म्हणून त्याने साथ दिली. खाली उतरून दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले. आई काही बोलली नाही, पण तिने हातातली पिशवी घट्ट धरून ठेवली होती.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक झालं. बहुतेकांची फसगत इथेच होते. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. तो त्याचा गुणधर्मच आहे. पेडल दाबल्यावर पायाचा जोर या ऑइलमार्फत चाकापर्यंत जातो, कारण द्रव दाबला तरी आकसत नाही. पण ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असेल आणि घाटात ब्रेक तापले, तर आतल्या आत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ आकसते, मग पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. ब्रेक थंड झाला की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल कडक लागतं. अशी गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजला न्या. मेस्त्री सपाट रस्त्यावर चक्कर मारून येईल आणि प्रामाणिकपणे सांगेल, ‘ब्रेक चांगला आहे.’ त्या वर्कशॉपने मला फोनवर हेच सांगितलं.

आकडे सांगतो, म्हणजे गांभीर्य कळेल. डॉट ३ जातीचं नवंकोरं ब्रेक ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा निकष आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे अगदी थोड्या पाण्याने सत्तर अंशांच्या आसपासचा फरक पडतो. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल असते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. अशा हवेत ब्रेक ऑइल कोरडं राहील कसं? साधारणपणे ते दोन वर्षांनी बदलावं असं म्हणतात. कोकणात राहणाऱ्याने आणि वरचेवर घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्याने त्यात एका दिवसाचीही सवलत घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मेस्त्रीकडे गाडी नेली आणि शेजारी उभा राहिलो. त्याने मागचं चाक काढलं आणि ड्रमला हात लावण्याआधी मलाच जवळ बोलावलं. ड्रम आणि हबच्या मधल्या फटीत महामार्गाच्या कामावरचा लाल चिखल सुकून दगड झाला होता, त्यावर गंजाचा सलग थर होता. ‘सर, ह्याला कोणी हातच लावलेला नाय. ड्रम उघडला असता तर ही माती अशी राहिली असती काय?’ मग त्याने निपलची रबरी टोपी काढली, पारदर्शक नळी जोडली, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि मला पेडल दाबायला सांगितलं. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं. बाटलीत उतरलं ते कोऱ्या चहासारखं होतं. दोन्ही ओळींचे पैसे घेतले गेले होते आणि काम एकही झालं नव्हतं. आम्ही फोटो काढले, जुनं ऑइल बाटलीत ठेवलं, आणि बिलाची प्रत जोडून मी वर्कशॉपला लेखी पत्र पाठवलं. फोनवर दाद न देणाऱ्यांनी पत्रानंतर पैसे परत केले.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग गॅरेजवर विश्वासच नको, घरीच करू. त्यांना माझ्या मावसभावाचं सांगतो. हुशार माणूस, खेर्डीच्या एमआयडीसीत मशीनवर काम करतो, हातात कसब आहे. त्याच्या गाडीतली ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली, म्हणून त्याने घरात उरलेलं इंजिन ऑइल त्यात ओतलं. ब्रेकमधली रबरं खनिज तेलाने फुगतात. दोन-तीन दिवसांत चाकं जखडायला लागली, ब्रेक सुटेना, चाकाजवळ हात नेववेना इतकी धग. शेवटी मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, होज, सगळं बदलावं लागलं. आणि मुळात पातळी खाली का गेली होती? ब्रेक पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतो आणि तेवढं ऑइल डब्यातून खाली उतरतं. पातळी घटली म्हणजे पॅड बघा, असं गाडी सांगत होती. नुसतं ओतून वर आणणं म्हणजे तो निरोपच पुसून टाकणं.

म्हणून मी एक कसोटी धरली आहे. जे बिघडलं तर गाडी नुसती उभी राहते, ते शिकून घरी करावं. जे बिघडलं तर गाडी उभीच राहत नाही, त्याला घरी पाना लावू नये; पण त्याच्यावर नजर मात्र आपलीच हवी.

पहिल्या प्रकारात बरंच काही येतं. एअर फिल्टर, वायपरची रबरं, बल्ब, फ्यूज, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पूड. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्हची वायर काढायची, जोडताना ती शेवटी लावायची. दुचाकीची चेन रॉकेलने पुसून तिला चेनचंच वंगण लावायचं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनला फासायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण त्याला धूळ-चिखल चिकटून चेन-स्प्रॉकेट लवकर जातात. कूलंट डब्यातली पातळी बघून घालावं, रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये.

पावसाळ्यात आणखी एक काम मी आग्रहाने सांगतो, कारण ते सहसा कोणी करत नाही. आंब्या-फणसाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी काचेच्या खालची जाळी बघावी. वायपरच्या मुळाशी पानं साचतात, कुजतात आणि पाणी जायच्या वाटा बुजवतात. मग पाणी गाडीत पायापाशी उतरतं, ब्लोअर आणि वायरिंग खराब होतं, आणि दोष मात्र दाराच्या रबराला दिला जातो. तसंच प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. त्यांतला लाल चिखल काडीने काढून टाका. ती भोकं बुजली की दारात पाणी साचतं आणि आतून गंज धरतो. बाहेरचा रंग फुगेपर्यंत तो दिसतसुद्धा नाही.

दुसऱ्या प्रकारात ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, पेट्रोलच्या नळ्या, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड केशरी वायरी. आयटीआयमधला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. ते दहा मिनिटांच्या व्हिडिओत बसत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर दुचाक्यांतही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, स्कॅनर लागायला लागला. पूर्वी मिसफायर होणारी गाडी प्लग आणि जेट साफ करून अंगणात सुरू व्हायची. ते दिवस आता फारसे उरले नाहीत. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, अगदी पडलेला नट उचलायलाही हात घालू नये. चाक काढलंत तर ते चाक किंवा स्टेपनी चौकटीखाली सरकवून ठेवा.

पाना लावायचा नाही, पण बघायचं काय? टायरच्या खाचांत तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे मोटारीत खाच १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बाद. टायरच्या अंगावर चार आकडी शिक्का असतो; ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नवा म्हणून विकलेला टायर किती जुना आहे, ते त्यावरून कळतं. ब्रेक ऑइलमधलं पाणी दाखवणारं पेनाएवढं यंत्र मिळतं, ते मेस्त्रीकडे नसेल तर चार घरांनी मिळून घ्यावं.

गॅरेजशी व्यवहार करताना मी आता काम लिहून देतो आणि ते जॉब कार्डवर उतरवून घेतो. ‘सगळं बघून घ्या’ असं म्हणत नाही. बदललेला प्रत्येक पार्ट परत मागतो, नव्याचं खोकं बघतो, बिल घेतो. बिल नाकारणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. चांगल्या मेस्त्रीला याचा राग येत नाही. आमच्या मेस्त्रीने तर स्वतःहून जुने ब्रेक शू कागदात गुंडाळून दिले. त्याची मजुरी मी कधी घासून कमी करत नाही; ड्रम उघडायला, घासायला, एअर काढायला त्याचा वेळ जातो, आणि तो वेळ त्याने खर्च करावा हीच तर आपली अपेक्षा असते. कंपनीबाहेरच्या गॅरेजला गेलं की वॉरंटी गेली, ही भीतीही सरसकट बाळगायचं कारण नाही. सुटे भाग आणि माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. वॉरंटी चालू असताना मात्र तिची पुस्तिका वाचूनच निर्णय घ्यावा.

चिपळूणकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको, पण नव्याने गाडी घेणाऱ्यांसाठी लिहितो. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीच्या पाण्याखाली असंख्य गाड्या गेल्या. पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी सुरू होते का’ म्हणून ज्यांनी चावी फिरवली, त्यांच्यातल्या अनेकांची इंजिनं तिथेच संपली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती बुडालेली गाडी बरेचदा दुरुस्त होते. बुडालेल्या गाडीला चावी लावू नका, बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच न्या. इंजिन संरक्षणाची जोड विम्यात आहे का, हे जूनच्या आधी बघा. साध्या पॉलिसीत असं इंजिन अनेकदा भरून मिळत नाही.

घाट उतरताना पेडल एकदा जरी मऊ लागलं, तरी नंतर ते कडक झालं म्हणून गाडी पुढे दामटू नका. ब्रेक ऑइल समोर उभं राहून बदलून घ्या. बिलातलं काम झालेलं नसेल तर आधी लेखी पत्र द्या, दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.