गडी किती, साहित्य कोणते?
सांघिक खेळांच्या घडणीचा मागोवा

अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे हे तालुक्याचे ठिकाण भुसावळ-नागपूर लोहमार्गावर, बडनेरा व वर्धा यांच्या दरम्यान वसलेले आहे. सभोवतालची काळी जमीन कपाशीला उपकारक. खेळाला मात्र ती अडचणीची. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा भागात क्रीडांगण करावयाचे तर मुरूम पसरून चोपण करावे लागते. खेळाचे रूप प्रथम जमीन ठरविते, हे येथे सहज ध्यानी येते.

संघातील खेळाडूंची संख्याही अशीच परिस्थितीतून ठरत गेली. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल सुरू केला, तेव्हा वर्गात १८ विद्यार्थी होते. म्हणून प्रत्येक बाजूस नऊ गडी झाले. पीच फळांच्या टोपल्या हेच साहित्य. पुढे गर्दी कमी करून संख्या पाचवर आली. व्हॉलीबॉल आशियात दीर्घकाळ नऊ जणांचा होता. टोकियो येथील १९५८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सहा व नऊ अशा दोन्ही प्रकारांचे सामने झाले.

देशी खेळांत साहित्य जवळजवळ नव्हतेच. हुतूतूला आखलेली रेघ व दमदार छाती पुरे. जितकी मुले जमतील तितके गडी, अशीच रीत होती. परंतु गावोगावचे संघ एकमेकांशी भिडू लागताच लेखी नियमांची निकड भासली. गामिनी प्रकारात सात गडी असत. आजच्या कबड्डीत बारांच्या संघातील सात जण मैदानात उतरतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते.

खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आखले. या खेळात आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात व नववा पाठलाग करतो. बचावाचे गडी तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. साहित्य म्हणजे दोन खांब. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. वऱ्हाडच्या मातीतील खेळ अशा रीतीने जगापुढे गेला.

आता चित्र पालटले आहे. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. नवी दिल्ली येथे जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात सात गड्यांचा वेगवान प्रकार खेळला गेला. पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. मॅटमुळे खरचटणे कमी होते, पावसाचा अडथळा टळतो. तथापि मुरमावर अनवाणी घडलेल्या मुलाचा पाय मॅटवर निराळा पडतो. वळणे, थांबणे, सूर मारणे नव्याने शिकावे लागते. मॅट व बूट यांचा खर्च प्रत्येक गावाला झेपणारा नाही. ज्या खेळात गरिबीची अडचण नव्हती, त्यात ती शिरण्याचा धोका येथे आहे.

यावर सोपा उपाय संभवतो. गावात सराव मातीवरच व्हावा. तालुक्याच्या ठिकाणी एक सामाईक मॅट ठेवून शाळांच्या संघांना स्पर्धेपूर्वी पाळीपाळीने सराव द्यावा. सात गडी लहानशा शाळेतही मिळतात. त्यांचे कसब साहित्याअभावी मागे पडू नये, एवढी दक्षता शाळा, पालक व क्रीडा मंडळे यांनी घेतली पाहिजे.