लहान घरचा सण

॥ ॐ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥



ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील नई सडकेवरून एका भगिनीचे पत्र मठात आले आहे. कुटुंब मूळचे सोलापूरकडील. ती लिहिते, "आमचे सासरे गेल्या कार्तिकात लिंगैक्य झाले. नातवाला रोज पहाटे तेच पूजेला बसवीत. दुकानही यंदा मंद आहे. बसव जयंती तोंडावर आली. शेजारी म्हणतात, वर्ष होईपर्यंत सण करू नये. येथे जवळ मठ नाही, मिरवणूक नाही. दोन खोल्या आणि आम्ही चौघे. अप्पाजी, सण करावा का? आणि करायचा तर यंदा आभार कशाचे मानायचे?"

प्रश्न एका घराचा असला तरी अनेकांच्या मनातला आहे. म्हणून उत्तर येथे देत आहोत.

प्रथम सूतकाविषयी. शेजाऱ्यांचे सांगणे मायेचे आहे. त्यांच्या रीतीचा अनादर करू नये. परंतु शरणधर्माने जनन, मरण, रज, उच्छिष्ट आणि जाती ही पंचसूतके मानलेली नाहीत. देहावर इष्टलिंग असता अशुद्धी कोठून येणार? ज्याला आपण 'लिंगैक्य' म्हणतो, त्याच मरणाला अशुभ कसे म्हणावे? म्हणून पूजा एक दिवसही थांबत नाही, आणि सणही थांबण्याचे कारण नाही. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे. शरणांनी विटाळ नाकारला, माया नाकारली नाही.

आता लहानपणाविषयी. 'सण' हा शब्द संस्कृत 'क्षण' या शब्दापासून आला. 'क्षण' म्हणजे काळाचा अल्प अंश, आणि कोशांत त्याचाच दुसरा अर्थ उत्सव असा दिला आहे. सणाला विस्तार लागत नाही, एक जागा क्षण पुरतो. वैशाख शुद्ध तृतीयेच्या जयंतीला सार्वजनिक रूप दिले हर्डेकर मंजप्पांनी, १९१३ साली दावणगेरे येथे. ते कार्य थोरच. समाज त्याने जागा झाला. पण त्याआधी सात शतकांहून अधिक काळ बसवण्णांचे स्मरण मिरवणुकीवाचूनही टिकलेच ना? कल्याणातील बसवण्णांच्या घराला 'महामने', म्हणजे थोर घर, म्हणत. ते थोरपण भिंतींचे नव्हते, दासोहाचे होते.

आपण राहता ते लष्कर तरी काय होते? १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी तेथे पडली आणि छावणीचेच पुढे शहर झाले. दूरदेशी गेलेल्या माणसाला देऊळ बरोबर नेता येत नाही. इष्टलिंग मात्र गळ्यात असते आणि तळहात हेच त्याचे पीठ. जेथे भक्त बसला, तेथे मठ झाला.

राहिला मुख्य प्रश्न : आभार कशाचे?

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य कल्याणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून त्यावर जंगमदासोह करीत असे. कथा अशी की, एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मा आनंदल्या नाहीत. आजच्या गरजेपुरते ठेवून उरलेले जेथून आणले तेथेच टाकून या, असे त्यांनी पतीला बजावले. अधिकाची आशा हा शिवभक्ताचा धर्म नव्हे, असा त्यांच्या वचनाचा आशय आहे. येथे ध्यानात घ्यावे की लक्कम्मांना वाण नव्हती असे नाही. पण आपल्याजवळ किती आहे हे त्या जाणत होत्या.

'कृतज्ञ' शब्दाचा अर्थही हाच. कृतं जानाति इति कृतज्ञः, म्हणजे केलेले जो जाणतो तो. या व्याख्येत सुखी असण्याची अट नाही. सुख असो वा शोक, आपल्यासाठी कोणी काय केले हे जाणता येतेच. भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. नातू पहाटे पूजेला बसतो. सासरे गेले, त्यांनी केलेले घरात आहे. ते जाणणे हीच यंदाची बसव जयंती.

आता आचरण सांगतो. त्या दिवशी पहाटे चौघांनी स्नान करून विभूती लावावी व एकत्र इष्टलिंगपूजा करावी. सासऱ्यांच्या जागी नातवाला बसवावे आणि आजोबांनी शिकविलेले एक वचन त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. प्रत्येकाने या वर्षी आपल्याला कोणाकडून काय मिळाले, ते एकेका वाक्यात सांगावे. आजोबांचे नाव आले तर थांबवू नये. गव्हाची हुग्गी करावी, पण कायकाच्या मिळकतीतून. सणासाठी कर्ज काढू नये. त्यातील एक वाटा घराबाहेरच्या माणसाचा ठेवावा, आणि ज्यांनी मायेने सल्ला दिला त्या शेजाऱ्यांनाही प्रसाद द्यावा. ग्वाल्हेरचा वैशाख कडक असतो. दाराशी गार पाण्याचा एक माठ ठेवावा. नई सडकेवरून जाणारा हमाल वा हातगाडीवाला पाणी पिऊन पुढे गेला, की तुमचा जंगमदासोह झाला. त्याची जात विचारू नये, नावही विचारू नये.

मिरवणूक दारावरून जाईल न जाईल. माठ मात्र संध्याकाळी रिकामा झाला आहे का, ते पाहावे. आणि पुन्हा भरून ठेवावा.

शरणु शरणार्थी.