मंद

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर येथे काय किंवा पुण्यामुंबईत काय, शाळकरी मुलांच्या तोंडी एक शब्द फार सहज येतो. कोणाचा हिशेब चुकला, कोणाला खेळाचा नियम चटकन उमगला नाही, की ‘मंद!’ अशी आरोळी उठते. वडीलधारी माणसे अशा वेळी ‘येडं’ म्हणून मोकळी होतात. मुलांचा ‘मंद’ मात्र एका मोठ्या शब्दाचा तुटलेला तुकडा आहे. तो शब्द म्हणजे ‘मतिमंद’.

‘मन्’ या संस्कृत धातूचा अर्थ विचार करणे. मन, मनन आणि मती ही सारी त्याच घरची भावंडे होत. ‘मंद’ म्हणजे संथ. वारा मंद वाहतो, समईची ज्योत मंद होते, भूक मंदावली की वैद्य अग्निमांद्य म्हणतात. सूर्याभोवती एक फेरी घालण्यास शनीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. आकाशात तो इतका सावकाश सरकतो, म्हणून जुन्या ज्योतिषग्रंथांत शनीचे एक नावच ‘मंद’ आहे! ‘रघुवंश’ रचताना आरंभी कालिदासाने स्वतःलाही मंद म्हटले. महाकवीचा तो विनय. पण बुद्धीच्या संथपणास हा शब्द तेव्हाही लावीत, एवढे त्यावरून दिसते.

ज्यांची समज वयाच्या मानाने सावकाश वाढते, अशा मुलांसाठी मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या जय या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ सुरू झाली. मराठीत अशा शाळांना ‘मतिमंद मुलांची शाळा’ म्हणू लागले. ‘वेडा’, ‘खुळा’ यांच्या शेजारी तो शब्द सभ्य होता. त्याने शिवी दिली नाही. केवळ गती सांगितली.

वेडा म्हणणे तर चूकच होते. मनाचा आजार कोणत्याही वयात जडू शकतो व उपचाराने बराही होऊ शकतो. बुद्धीची वाढ कमी होणे हा आजार नव्हे. ती स्थिती लहानपणापासूनची असते. परंतु १९१२ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याने ‘ल्युनॅटिक’ या एकाच शब्दात दोघांना कोंबले होते. त्यातच ‘इडियट’ हाही शब्द होता. तो कायदा जाऊन १९८७ साली नवा आला.

या ‘इडियट’ची मूळ कथा मोठी चमत्कारिक आहे. प्राचीन ग्रीसमध्ये जो राज्यकारभारात भाग न घेता आपल्यापुरते पाही, त्या खाजगी माणसास तसे म्हणत. पुढे त्याचा अर्थ अडाणी, मग निर्बुद्ध असा घसरत गेला. अमेरिकेत १९१० साली गॉडार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ग्रीक शब्दावरून ‘मोरॉन’ हे नाव बनविले. आठ ते बारा वर्षांच्या मुलाइतकी समज असलेल्या प्रौढांसाठी ती शास्त्रीय संज्ञा होती. थोड्याच वर्षांत ती भांडणातली शिवी झाली. मग ‘रिटार्डेड’ आला. त्याचा लॅटिन अर्थ ‘विलंब झालेला’, म्हणजे जवळजवळ आपला ‘मंद’च. तोही मैदानावर चिडविण्यास वापरू लागले, तेव्हा २०१० साली अमेरिकेने आपल्या संघीय कायद्यांतून तो काढण्याचे ठरविले.

भारतात १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात हाच इंग्रजी शब्द होता. २०१६ च्या कायद्याने त्याच्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ या अर्थाचा शब्द घातला. केवळ पाटी बदलली असती तर त्यात फारसे काही नव्हते. या कायद्याच्या व्याख्येत मात्र दोन गोष्टी पाहण्यास सांगितल्या आहेत : शिकणे व विचार करणे किती अवघड जाते ही एक, आणि रोजच्या व्यवहारात कोठे अडते ही दुसरी. दुकानातून उरलेले पैसे मोजून घेणे, सदऱ्याची बटणे लावणे, रस्ता ओलांडणे, शेजाऱ्याशी बोलणे, या प्रत्येकात मुलाला कितपत मदत लागते, ते विचारावयाचे असते.