बंडल अप होतं म्हणे!

मोरा, उरण

चि. छोट्यास,

काल भाऊच्या धक्क्यावरून येताना लाँचमध्ये तुझ्या कंटेनर फ्रेट स्टेशनमधला एक जण शेजारी बसला होता. तू माझा भाचा हे त्याला ठाऊक नसावं. म्हणाला, रात्री यार्डाचं गेट बंद पडलं, ट्रेलरची रांग रस्त्यावर आली, आणि आयटीवाला पोरगा 'बंडल अप होतं' एवढंच घोकत होता. खरं का हे?

लाइन तुटली याचा राग नाही. लाइनी तुटायच्याच. पण गेटकडे जाणाऱ्या दोन फायबरपैकी एक आधीच मेलेली होती आणि कधीपासून ते कुणालाच सांगता येईना, याचा आहे. अरे, दोन पोर्ट जोडून एक केले की एक तार जिवंत असेपर्यंत बंडल हिरवंच दिसणार. अलार्म प्रत्येक पोर्टवर लाव, नुसता बंडलवर लावून झोपू नकोस. एररचे आकडे बघ. समोरून येणारा प्रकाश किती डीबीने उतरला ते आठवड्याला टिपून ठेव. जेसीबीने तोडली तर गोष्ट वेगळी, एरवी फायबर बरेचदा सांगून मरते. आणि जेसीबीवरून आठवलं, दोन्ही फायबर एकाच पाइपातून नेल्या नाहीत ना? उरणात कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं.

बंडल नुसतं 'ऑन' करून सोडलंयस का? मधे मीडिया कन्व्हर्टर असला की पलीकडे तार गेली तरी अलीकडचा दिवा बरेचदा जळतच राहतो, आणि स्विच त्या मेल्या तारेवर डेटा ओतत बसतो. एलएसीपी लाव, म्हणजे दोन्ही स्विच एकमेकांना निरोप पाठवत राहतील. दोन्हीकडे ॲक्टिव्ह ठेव. दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवलंस तर सोयरिकीतल्या मानकऱ्यांसारखे दोघं एकमेकांच्या निरोपाची वाट बघत बसतील. स्लो टायमरवर समोरचा गेल्याचं कळायला 90 सेकंद लागतात, फास्टवर 3. साहेब 'एक अधिक एक दोन गिगाबिट' म्हणाले तर मान डोलव, पण एकच मोठी फाइल कॉपी करताना ती एकाच तारेवरून जाते हे तुला माहीत असू दे.

पण एक तार किती दिवस मेलेली होती रे? तेच डोक्यातून जात नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो तेव्हा एमडीएफची, म्हणजे तारांच्या मुख्य चौकटीची, सगळी जोडणी माझ्या एकट्याच्या डोक्यात होती आणि त्याची मला केवढी ऐट! त्या ऐटीपायी तुझ्या आईच्या हळदीला मी नव्हतो. रात्री केबल गेली, साहेबांनी सोडलं नाही. अक्षता पडल्यावर पोचलो. ती अजून दिवाळीला ऐकवते. मी हसतो, पण लागतं. म्हणून सांगतो, तुझ्याकडे आयटीत नवा पोरगा आलाय ना, त्याला सगळं शिकव. पासवर्ड, नकाशा, कुठली फायबर कुठल्या पोर्टला, सगळं.

फार बोललो. अख्खी रात्र एकटा उभा राहून तूच ते गेट पहाटे चालू केलंस, हेही तो लाँचमधला माणूस म्हणाला. ते आधी लिहायला हवं होतं. जेवला होतास का त्या रात्री? आईला मी काही कळवलेलं नाही.

शनिवारी ये. खारकोपरला लोकल पकड, उरण स्टेशनवर मी स्कूटर घेऊन येतो. मामीने सुके बोंबील काढून ठेवलेत. त्या नव्या पोरालाही घेऊन ये. नको, तो साइटवर राहू दे. तू ये.

तुझा,
मामा