खलाशाचा टीबी आणि ६१ दिवसांची बंदी



आपल्या ट्रॉलरवरची बरीच पोरं ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकातली. त्यांचं रेशनकार्ड गावाला, मतदार यादीत नाव गावाला, भाषा वेगळी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाला गोव्यात पाच वर्षांची राहणूक लागते, ती यांच्याकडे कुठून असणार? २०२४ साली कुटबण जेटीवर खलाशांमध्ये कॉलरा पसरला, माणसं दगावली, तेव्हा कुठे ही पोरं राहतात कशी, पाणी कसलं पितात, याची चर्चा झाली. कॉलरा चार दिवसांत दिसतो. टीबी मात्र गुपचूप येतो, म्हणून आज त्याच्याबद्दल.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त. यातलं काही दिसलं तर "बर्फात काम करतो म्हणून खोकतो" असं म्हणून सोडू नका. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. केबिनमध्ये आठ-दहा जण दारं लावून झोपतात, तिथे एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. तांडेलही त्यातच आला, आणि तो घरी जाऊन आपल्या पोरांना कुशीत घेतो.

बेडक्याची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, औषधंही फुकट. इथे रहिवासी दाखला लागत नाही, कुठल्याही राज्यातला माणूस चालतो. (टीबी तपासायचं ट्रूनॅट मशीन बनवणारी कंपनी आपल्या गोव्यातलीच आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?)

साधा टीबी असेल तर कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होते, त्याला घाबरायचं नाही. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचा. दारू बंद, कारण या गोळ्यांचा भार आधीच लिव्हरवर असतो. औषध नीट लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत रोग पसरण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणून पोराला कामावरून काढू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत किनाऱ्यावर जाळी विणायला बसवा. काढून टाकलात तर पुढचा खोकणारा तोंड उघडणार नाही.

आता खरी अडचण. फेब्रुवारीत सुरू झालेला कोर्स ऑगस्टमध्ये संपतो. मधे १ जून ते ३१ जुलै बंदी, पोरं मे अखेरीस रेल्वेत बसतात. दोन महिन्यांनी थोडं बरं वाटायला लागलेलं असतं, गावचं आरोग्य केंद्र लांब असतं, गोळ्या सुटतात. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना जुमानत नाही असा होऊन परत येऊ शकतो. मग उपचार अवघड, गोळ्या जड, आणि ऑगस्टात तोच पोरगा पुन्हा आपल्याच केबिनमध्ये.

यावर उपाय आहे, पण तो आधी करावा लागतो. प्रत्येक पेशंटला निक्षय आयडी नंबर मिळतो आणि तो देशभर चालतो. तिकीट काढलं की त्याला घेऊन आरोग्य केंद्रात जा. गाव, तालुका, जिल्हा आणि घरचा फोन नंबर सांगून उपचार तिकडच्या केंद्रात ट्रान्सफर करून घ्या. प्रवासात आणि पहिल्या काही दिवसांत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या. आयडी त्याच्या मोबाईलवर आणि तुमच्या वहीत, दोन्हीकडे असू द्या. पोहोचल्यावर एक फोन करा, गोळ्या मिळाल्या का विचारा. कुठे अडलं तर १८००-११-६६६६ हा टोल फ्री नंबर आहे.

जेवणासाठी सरकार महिन्याला १००० रुपये देतं, नोव्हेंबर २०२४ पासून. आधी ५०० होते. पैसे थेट बँकेत येतात, खातं गावचं असलं तरी चालतं. पण खातं चालू हवं, आणि इथेच बऱ्याच जणांचं अडतं. खातं बंद पडलं असेल तर मुकादमाच्या खात्यावर टाकू नका, पोराचंच सुरू करून घ्या.

आपल्या बोटीवर कोणाचा कोर्स चालू असेल तर १५ मे पूर्वी सोसायटीच्या ऑफिसात येऊन सांगा. आरोग्य केंद्रात सोबत येऊ. नाव ग्रुपवर टाकू नका.