पाचवा महिना लागला, आता ब्रा कोणती घेऊ?

प्रश्न : मला पाचवा महिना आहे, पहिलीच खेप. लग्नाआधीपासून एकाच मापाची ब्रा वापरते आहे. हल्ली संध्याकाळपर्यंत छातीखाली लाल वळ उठतात आणि खाज सुटते. मैत्रीण म्हणते, मॅटर्निटी ब्रा घे. सासूबाई म्हणतात, बाळंतपण झाल्यावर काय ते बघू, दोन-दोनदा खर्च कशाला? गावात हे मिळत नाही, रत्नागिरीला जावं लागतं, आणि दुकानात काउंटरवर बहुतेक पुरुषच असतात. नेमकी कधी घ्यायची, किती घ्यायच्या, माप कसं सांगायचं? तारेच्या ब्रानं दूध आटतं, हे खरं का? रात्री काढून झोपावं का? – एक वाचक, पूर्णगड (जि. रत्नागिरी)

उत्तर : सासूबाईंचा हिशेब अर्धा बरोबर आहे. बाळंतपणानंतर माप पुन्हा बदलणार आहे, तेव्हा आत्ता अर्धा डझन घेऊन कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. पण वळ उठत असताना आणखी चार महिने तीच ब्रा ओढायची, हे काही पटण्यासारखं नाही. तुमचं जुनं माप संपलं आहे, एवढाच त्या वळांचा अर्थ.

गरोदरपणात दोन गोष्टी एकदम वाढतात. संप्रेरकांमुळे दुधाच्या ग्रंथी आणि नलिका वाढतात, तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि छाती भरते. कुणाला हे दुसऱ्या महिन्यातच जाणवतं, कुणाला पाचव्या-सहाव्यापर्यंत फारसं कळतही नाही. दुसरीकडे गर्भाशय वर सरकतं तसा बरगड्यांचा घेर रुंदावतो. म्हणजे कपही लहान पडतो आणि खालचा पट्टाही आवळतो. म्हणून ‘अमुक महिन्यातच घ्या’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकून सोडून द्या. खांद्यावर पट्ट्यांचे खड्डे पडणं, पाठीमागचा पट्टा वर चढणं, कपातून वरच्या बाजूनं किंवा काखेकडून छाती बाहेर येणं, छातीखाली वळ राहणं, यांतलं काहीही दिसलं की वेळ झाली. तुमची झाली आहे.

खर्च थोडा लांबवायचा असेल तर आधी एक करून बघा. कप अजून नीट बसत असेल आणि फक्त पट्टाच आवळत असेल, तर पाठीच्या हुकांना जोडायची जादा पट्टी मिळते. शिवणकामाचं सामान, लेस, बटणं विकणाऱ्या दुकानात ती स्वस्तात मिळून जाते. तिच्यावर महिना-दीड महिना निभावतो. कपच लहान पडला असेल तर मात्र त्या पट्टीचा काही उपयोग नाही.

आता माप. हे घरीच घ्या, म्हणजे काउंटरवरचा अर्धा संकोच तिथेच मिटतो. शिंप्याकडची साधी टेप पुरे. पातळ कपड्यावरून, श्वास सोडून, छातीच्या लगेच खाली टेप सरळ आडवी धरा. हे झालं पट्ट्याचं माप. मग छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप न आवळता, दुसरं माप घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे कप : एक इंच असेल तर ए, दोन असेल तर बी, तीन असेल तर सी, चार असेल तर डी. खाली ३४ आणि वर ३७ आलं, तर ३४ सी. मात्र काही कंपन्या खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून आकडा काढतात, म्हणून पाकिटावरचा तक्ता बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन्ही मापं इंचांत कागदावर लिहून न्या आणि कागदच पुढे करा. आणि ‘मॅटर्निटी ब्रा’ म्हटल्यावर दुकानदार गोंधळला तर ‘फीडिंग ब्रा’ म्हणा, ते नाव सगळीकडे चालतं.

खरं तर माझा सल्लाही हाच आहे की आत्ताच दोन फीडिंग ब्रा घ्या. पुढचा कप हुकानं उघडतो, एवढाच तिच्यात फरक असतो. गरोदरपणात ती साध्या ब्रासारखीच वापरता येते. पाठीमागे हुकांच्या तीन-चार ओळी असलेली निवडा. सर्वांत घट्ट ओळीवर आत्ता नीट बसली पाहिजे, म्हणजे घेर वाढेल तशी एकेक ओळ सैल करता येते. एरवी दुकानात याच्या उलट सांगतात, सर्वांत सैल ओळीवर बघून घ्या म्हणून; ते गरोदर नसलेल्या बाईसाठी बरोबर आहे, कारण इलॅस्टिक पुढे ताणतं. छत्तिसाव्या आठवड्यानंतर आणखी एक-दोन घ्यायच्या, तेव्हा मात्र तुम्हीही सैल ओळीवरच बघा, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर परत कमी होतो. त्या वेळी कपात थोडी जागा ठेवा. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध भरून येतं आणि छाती एकदम जड होते. साधारण दीड महिन्यानं माप स्थिरावतं, आणि आज घेतलेल्या दोन तेव्हा पुन्हा अंगाला येण्याची बरीच शक्यता असते. हे सासूबाईंना जरूर सांगा.

घालून बघताना कपडे वाळत घालतो तसे दोन्ही हात वर करा. पट्टा जागचा हलला नाही पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, कपाला सुरकुती नको. भार पट्ट्यानं पेलायचा असतो, खांद्यांनी नाही. तरी खांद्याच्या पट्ट्या रुंदच घ्या. आणि कपाचा हुक एका हातानं उघडतो का ते दुकानातच बघा. दुसऱ्या हातात रडणारं बाळ असणार आहे.

कापड सुतीच. यावर मी अडून बसेन, कारण तुम्ही मुचकुंदीच्या मुखाशी, खाडीच्या दमट हवेत राहता. स्पंज भरलेल्या, नायलॉनच्या ब्रा तिथे छातीखाली घाम धरून ठेवतात, मग घामोळं, मग बुरशीची खाज. यात आपली आणखी एक सवय भर घालते. आपण ब्रा वाळत घालतो ती टॉवेलच्या किंवा परकराच्या आड, कुणाला दिसू नये म्हणून. पावसाळ्यात तर ती तिथे दोन दिवस ओलीच राहते, कुबट वास येतो आणि सकाळी तशीच अंगावर चढते. उन्हात उघडी वाळवा. बघणाऱ्यांना बघू दे. ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली पूर्ण कोरडी झाल्याशिवाय घालू नका. पावसात दोनऐवजी तीन लागतात त्या याचसाठी. खाज आठवडाभरात थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा, दुकानातून स्वतःच्या मनानं मलम आणू नका.

जुन्या बायकांना हा प्रश्न पडत नसे, कारण त्यांची चोळी पुढे गाठ मारायची होती. छाती वाढली, गाठ सैल केली. बाळ रडलं, गाठ सोडली. हुकांची ब्रा आली आणि माप आकड्यांत अडकलं. डोहाळजेवणात खण अजूनही ओटीत पडतो, आणि बहुतेक घरांत तो न शिवताच पुढच्या ओटीत जातो. मैत्रिणींनी ‘काय देऊ’ विचारलं तर न लाजता दोन सुती फीडिंग ब्रा सांगाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारेनं दूध आटत नाही. पण वाढत्या छातीवर तार एकाच जागी रुतते, आणि पाजायच्या दिवसांत असा सततचा दाब पडला तर दुधाची नलिका तुंबून गाठ होऊ शकते. म्हणून ती वर्ष-दीड वर्ष बाजूला ठेवलेली बरी. रात्रीचं म्हणाल तर तुमच्या सोयीवर. छाती दुखत असेल तर सैल, मऊ, बिनहुकाची घालून झोपा, नाहीतर काढून ठेवा. ब्रा घालण्यानं कॅन्सर होतो ही भीती मात्र सोडा. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेनं २०१४ मध्ये पाळी गेलेल्या १,५०० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात किती तास घातली, तारेची होती की नाही, कशाचाच संबंध आढळला नाही.

एक तुम्ही विचारलेलं नाही, पण लवकरच दिसू शकेल. आत्तापासून कधीतरी पिवळसर चिकाचे डाग पडू शकतात. ते नेहमीचंच आहे, घाबरू नका, आणि बघायला म्हणून पिळू नका. जुन्या सुती साडीची मऊ घडी कपात ठेवा आणि ओली झाली की बदला. स्राव रक्ताळ असेल, गाठ लागत असेल, किंवा एकच बाजू लाल, गरम होऊन ताप आला असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथे वजन, रक्तदाब बघतात, पण छातीचं कुणी आपणहून विचारेलच असं नाही. तेव्हा तुम्हीच विचारा, आणि ते वळही दाखवा.